अर्धी मोजायची कडी

त्या सोमवारी बिराजदार सरांनी चहाला नको म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. हा माणूस अठरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. अंगात ताप असो, प्राचार्यांशी वाजलेलं असो, अकराचा चहा बशीत ओतून, दोन्ही हातांनी बशी धरून, फुर्रकन प्यायल्याशिवाय त्यांनी कधी खडूला हात लावला नव्हता. त्या दिवशी शिपाई कप ठेवून गेला, चहावर साय धरली, आणि सर आपले भिंतीकडं तोंड करून बसलेले. मांडीवर अश्विनीचा प्रबंध उघडा.

"काय झालं सर?"

"काही नाही चव्हाण. एक आकडा बघतोय."

अश्विनी देवकते म्हणजे जळकोटची पोरगी, सरांकडं पीएच.डी. करणारी एकुलती एक विद्यार्थिनी. शनिवारी तिची व्हायवा होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी एका कॉलेजात कायम जागेची मुलाखत होती, आणि त्या मुलाखतीला पीएच.डी. झालेली असणं सक्तीचं होतं. सहा वर्षं पोरगी तासिकेवर राबत होती. तसली जागा आमच्या भागात निघते कधी आणि भरते कधी, ते त्या देवालाच ठाऊक. म्हणून सर "एक आकडा बघतोय" म्हणाले तेव्हा मला त्यांचा राग आला. अहो, प्रबंध तपासून झाला, बाहेरच्या परीक्षकांनी बरा शेरा दिला, आता कसला आकडा बघताय?

पण तोंडानं बोललो नाही. बिराजदार सरांना आकडा बघताना हटकणं म्हणजे त्यांना सोवळ्यात शिवणं.

नळदुर्गातलं आमचं कॉलेज हायवेपासून हाकेच्या अंतरावर. अवजड ट्रक गेला की वर्गाची तावदानं थरथरतात, आणि सर तेवढ्यापुरते फळ्यावर बोट ठेवून थांबत. ट्रक गेला की अर्ध्यावर तोडलेला शब्द तिथूनच पुढं. उंच, कोरडे, कपाळावर भस्माच्या तीन रेघा, पांढऱ्या शर्टाचं मनगटापर्यंतचं बटण लावलेलं. आमच्याशी मराठी, घरी कानडी. वैतागले की मात्र कुणाशीही कानडी. "साकु, साकु!" म्हणाले की समजायचं, आता पुरे, गप बसा. मोठ्या संस्थेत शिकून हा माणूस इथं कशाला परत आला ते मी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचा विषय काय ते मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. मी भौतिकशास्त्राचा, ढोकीचा माणूस, लहानपण साखर कारखान्याच्या भोंग्यावर गेलेलं. समीकरणांतून निघणारे वक्र म्हणतात, ते ठीक. पण हे "वक्रांची मोड्युलाय स्पेस" काय प्रकरण आहे? एकदा आठवडी बाजारात मी विचारलंच. सर शेळ्यांच्या रांगेपाशी थांबले.

"ही शेळी बघा. काळी, कान लांब. ही शेजारची, तिचे कान जरा आखूड. आता जगातल्या सगळ्या शेळ्या, झालेल्या आणि व्हायच्या, एका मैदानात उभ्या करा. सारख्या दिसतात त्या जवळजवळ, वेगळ्या त्या लांब. केल्या?"

"केल्या."

"आता मला शेळी नको. मैदान पाहिजे. मैदानाला उंचवटे कुठं, काठ कुठं, काठाला गेलेली शेळी कशी दिसते. शेळीच्या जागी वक्र घाला. झाला माझा विषय."

शेळीवाला मघापासून ऐकत होता. "घ्यायची हाय का सर, का नुस्तीच बघायची?"

"मैदान बघतोय."

"मैदान इकायला न्हाय बगा," तो म्हणाला, आणि सर रस्त्यात उभं राहून हसले. मी त्यांना इतकं हसताना नंतर फार वेळा पाहिलं नाही.

आमच्या शास्त्रातही त्यांच्या मैदानाला गिऱ्हाईक होतं. विश्वाच्या मुळाशी कण नसून बारीक तंतू आहेत असं मानणारी मंडळी आहेत. तंतू हलत गेला की मागं एक पृष्ठभाग उमटतो, गणितवाले त्यालाच वक्र म्हणतात, आणि तसले सगळे पृष्ठभाग एकदम विचारात घ्यायचे तर सरांचं मैदान लागतं. त्यातल्याच दोघातिघांची सरांना परदेशातून पत्रं यायची. नळदुर्गच्या पोस्टमनला त्याचं केवढं कौतुक! पत्रं यायची ती सरांच्या एका प्रमेयाबद्दल. त्या मैदानावर एका विशिष्ट रीतीनं मोजणी केली की उत्तर दर वेळी पूर्णांकच येतं, कधी अपूर्णांक येत नाही, असं ते प्रमेय. सर त्याला "माझं" कधी म्हणाले नाहीत. "ते पूर्णांकाचं" म्हणत. पण म्हणताना शर्टाचं बटण चाचपत, त्यावरून मी ओळखायचो.

त्यांची तऱ्हा अशी, की वर्गात कुणी "हे उघड आहे" म्हटलं की त्याला उभं करत. "उघड आहे ना? मग दाखव. उघड्याला किती वेळ लागतो?" बिचारं पोरगं तासभर फळ्याशी घाम गाळत उभं. मला वाटायचं, हा छळ आहे. तसं मी त्यांना एकदा बोललोही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. ते म्हणाले, "चव्हाण, माणूस दमला की उघड आहे म्हणतो. मला तो कुठं दमला ते बघायचं असतं."

आणि दुसरी तऱ्हा दोन कागदांची. कुठलीही मोठी मोजणी सर एकट्यानं करत नसत. ते एका खोलीत, विद्यार्थी दुसऱ्या खोलीत. एकमेकांचं बघायचं नाही, विचारायचं नाही. झालं की दोन्ही कागद टेबलावर समोरासमोर ठेवायचे. उत्तर जुळलं तर खरं, नाही जुळलं तर दोघांनी पहिल्यापासून. अश्विनी आली तेव्हापासून दुसरा कागद तिचा. स्टाफरूममधली मंडळी टिंगल करायची, की गुरुशिष्य लपाछपी खेळतात. मीही केली आहे.

मंगळवारी दुपारी सरांनी मला बाहेर बोलावलं. माझ्या गाडीत बसले, काच वर केली, आणि हात पुढं केला. "किल्ली द्या."

किल्लीला लोखंडी कडी होती. त्यांनी किल्ली एका हातात आडवी धरली आणि दुसऱ्या हातानं कडी ताठ उभी केली.

"किल्ली म्हणजे मोठा वक्र. त्याच्या टोकाला एका बिंदूत ही कडी चिकटलेली. मैदानाच्या काठावर असले वक्र असतात. आता डोळे मिटा."

मिटले.

"उघडा. मी कडी फिरवली का?"

"मला काय माहीत?"

"फिरवली. चिकटलेला बिंदू तिथंच ठेवून कडी अर्धा वेढा उलटी केली. ती होती तशीच दिसते. बरोबर?"

"बरोबर."

"जी वस्तू स्वतःवरच दोन रीतींनी बसते, ती आमच्या मोजणीत अर्धीच धरायची. हा नियम मी अश्विनीला पहिल्या महिन्यात शिकवला." सर कडीकडं बघत होते. "आणि माझ्या निबंधात मी ही कडी आख्खी धरली. चिकटली म्हणजे फिरत नाही, असं समजलो. काय लिहिलंय ठाऊक आहे? उघडच आहे, असं लिहिलंय."

मी विचारलं, "मग? काय होतं त्यानं?"

"अश्विनीचं दुसरं प्रकरण माझ्या त्या आकड्यावर उभं आहे. तिथून पुढची सगळी कोष्टकं चुकली. तिचं सूत्र दुरुस्त होईल. दोन-अडीच महिने लागतील."

"आणि तुमचं?"

"अर्धा आला की पूर्णांक कुठला राहतो?" त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "ते गेलं."

ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. पण मी पडलो तापट! मी म्हणालो, "सर, गप बसा. कुणाला कळलंय? परीक्षकांना कळलं नाही, परदेशातल्यांना कळलं नाही. शनिवार होऊ द्या, गुरुवार होऊ द्या, पोरीला जागा लागू द्या. मग काय ती तुमची कडी फिरवत बसा!"

सरांनी काच खाली केली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "उद्या जळकोटला नेता का?"

बुधवारी गेलो. देवकत्यांचं घर रस्त्यापासून आत, पुढं कुडाचा शेळ्यांचा गोठा, दारात लिंब. अश्विनीचे वडील शेळ्या घेऊन रानात गेलेले, आई बाजारात. पोरगी व्हायवाची तयारी करत ओसरीवर लॅपटॉप मांडून बसलेली. आम्हाला बघून हरखली. "सर, तुमी? बसा ना, च्या टाकते."

"चहा नको. दुसरं प्रकरण काढ."

सरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. कडी, अर्धा वेढा, आख्खं धरलं, अर्धं धरायचं होतं. "मी चुकलो," म्हणाले. मला वाटलं आता पोरगी रडणार, निदान वाद घालणार. तिचा चेहरा मात्र भलताच झाला. पांढराफटक. आणि ती खाली बघून म्हणाली,

"माझं अर्धंच आलं होतं, सर."

"काय?"

"पाच वर्षांमागं. तुमच्या त्या निबंधासाठी आपण दोन कागद केले तवा. तुमाला प्राचार्यांनी बोलावलं, तुमी उठून गेलात. तुमचा कागद टेबलावरच ऱ्हायला. मी नुस्तं बघितलं. तुमचं दुप्पट होतं." तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. "मला वाटलं माझंच कुठंतरी चुकलं. मग मी दोननं गुणून कारण शोधलं. सापडलं बी एक. तुमी चुकाल असं मनातच आलं न्हाय ओ."

सरांना मी अठरा वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ओरडले.

"दोन कागद कशाला होते मग? शोभेला होते? मी चुकतो म्हणून होते ते! मी चुकतो म्हणून!"

गोठ्यातल्या करडांनी एकदम बें बें लावलं. अश्विनी भिंतीला टेकून उभी, तोंडावर ओढणी दाबलेली. खरं सांगतो, मला दोघांचीही कीव आली आणि दोघांचाही संताप आला. हिनं मान राखायला म्हणून खरं उत्तर खोडलं, आणि ह्यांना पाच वर्षं वाटत राहिलं की आपलं कुणीतरी तपासलंय. आमच्याकडं पोरांना हेच तर शिकवतो आपण. मास्तरांचं कसं चुकेल?

मग सर म्हणाले, "दोन कोरे कागद आण."

सर लिंबाखाली बाजेवर बसले, अश्विनी आत. मधे राखणीला मी. दीड-दोन तास कुणी कुणाशी बोललं नाही. ऊन बाजेवर आलं तसे सर नुसते सरकून बसले. शेवटी दोघांनी कागद आणून ओसरीवर समोरासमोर ठेवले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शेवटची ओळ वाचता येत होती. दोन्हीकडं अर्धा.

"जुळलं," सर म्हणाले.

अश्विनी त्यांच्या पायाशीच बसली. "सर, शनिवार जाऊ द्या. हात जोडते. गुरुवारी मुलाखत होऊ द्या. मग मी रात्रंदिवस बसून सगळं दुरुस्त करते. आप्पांनी सगळ्या गावाला सांगितलंय, शनवारी पोरगी डॉक्टर होणार म्हणून."

सरांनी कागदांची घडी घातली आणि खिशात ठेवली. हो नाही, ना नाही. मी गाडी सुरू केली तरी ती दारात उभी होती, आणि सर समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होते. नळदुर्ग येईपर्यंत मी तीनदा विचारलं, "काय ठरवलंत?" तिसऱ्यांदा "साकु" म्हणाले.

गुरुवार, शुक्रवार कसे गेले ते मला विचारू नका. सर वर्गावर जात होते, शिकवत होते, ट्रक गेला की थांबत होते. चहा मात्र घेतला नाही. मी धरून चाललो, की माणूस गप बसायच्या बाजूला झुकलाय. नाहीतर विद्यापीठाला पत्र गेलं असतं, फोन गेला असता. तसं मनाशी ठरवून मला बरंही वाटत होतं. लाज वाटते आता, पण वाटत होतं.

शनिवारी तिघं माझ्याच गाडीनं विद्यापीठात गेलो. व्हायवाच्या दालनात वीस-पंचवीस माणसं, पुढं बाहेरून आलेल्या परीक्षक बाई, शेजारी विभागप्रमुख, कडेच्या खुर्चीवर मार्गदर्शक म्हणून सर. अश्विनी उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग लागला. वक्र म्हणजे काय, मैदान म्हणजे काय, काठ म्हणजे काय, सगळं तिनं असं सांगितलं की मलासुद्धा कळल्यासारखं झालं. दुसरं प्रकरण आलं. पडद्यावर तो आकडा आला. जुना, आख्खा. तिनं सरांकडं बघितलं नाही. एका वाक्यात आटोपून पुढं गेली.

सर हलले नाहीत.

बाईंनी पाच-सहा प्रश्न विचारले, सगळे पहिल्या आणि चौथ्या प्रकरणावर. अश्विनीनं नीट उत्तरं दिली. बाई खूश दिसल्या. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आणखी कुणाला काही विचारायचंय? नसेल तर..."

"मला विचारायचंय."

सर उभे होते. मार्गदर्शक कधी आपल्याच विद्यार्थ्याला प्रश्न विचारतो का? विभागप्रमुख हसून म्हणाले, "सर, तुम्ही?"

सरांनी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. ते अश्विनीकडं बघत होते. आवाज वर्गातला, नेहमीचा.

"काठावरच्या वक्राला जी कडी चिकटलेली आहे, ती जागच्या जागी फिरते का?"

ती 'नाही' म्हणाली असती तर संपलं होतं. प्रबंधात तसंच छापलं होतं. तिच्या 'नाही'वर सर गप खाली बसले असते, असं मला आजही वाटतं. कारण त्यांनी सांगितलं नव्हतं, विचारलं होतं. अश्विनीनं टेबलाची कड धरली. एकदा पडद्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी भरलेलं.

"फिरते, सर," ती म्हणाली.

"मग किती मोजायची?"

"अर्धी."

"पडद्यावर किती आहे?"

"आख्खी."

परीक्षक बाई ताठ बसल्या. सर त्यांच्याकडं वळून म्हणाले, "हा आकडा माझ्या निबंधातला आहे. चूक माझी. तिचं उत्तर बरोबर होतं, माझ्यामुळं तिनं ते बदललं." आणि खिशातले दोन्ही कागद काढून त्यांच्यापुढं ठेवले.

आम्हाला बाहेर काढलं. पाऊण तास व्हरांड्यात. अश्विनी भिंतीकडं तोंड करून, सर तिच्यापासून दहा पावलांवर. मी दोघांच्या मधे येरझाऱ्या घालत होतो आणि मनातल्या मनात सरांना शिव्या देत होतो. आत बोलावलं तेव्हा बाई मऊ होत्या, पण निर्णय निर्णयच. प्रबंध दुरुस्तीसाठी परत. तीन महिन्यांची मुदत. मग पुन्हा व्हायवा.

म्हणजे गुरुवारची मुलाखत गेली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचाही जीव अडकून राहायला नको. अश्विनीनं अडीच महिन्यांत दुरुस्ती केली. दुसऱ्या व्हायवाला मी परीक्षेच्या ड्युटीवर अडकलो होतो, पण ती झाली, डॉक्टर झाली. ती जागा अर्थातच दुसऱ्या कुणाला गेली. तिला कायम नोकरी लागायला आणखी दोन वर्षं गेली, तीही घरापासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. सर मात्र पहिल्या व्हायवाच्याच महिनाअखेर निवृत्त झाले. निरोप समारंभ नको म्हणाले, सोमवारपासूनच शिल्लक रजा टाकली, आणि सीमेपलीकडं लेकीकडं राहायला गेले. पूर्णांकाचं प्रमेय त्यांनी स्वतःच मागं घेतलं. त्यांचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकात चार ओळींचं निवेदन आलं, त्यात एक ओळ अशी, की योग्य उत्तर अश्विनी देवकते यांनी मुळातच काढलं होतं. परदेशातली पत्रं थांबली. फोनवर आम्ही बोलतो अधूनमधून, पण भेट नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच शनिवारी, परत येताना.

ऊन उतरत होतं. नळदुर्ग मागं टाकलं. वाटेत अश्विनीचा फोन चारपाचदा वाजला, तिनं उचलला नाही. मला वाटलं तेवढ्यावरून घरी कळलं असेल. कसलं काय! जळकोटच्या फाट्यावर वळलो तर समोर तिचे वडील, आप्पा उभे. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, हातात झेंडूचा हार. बरोबर गावातली पाच-सात माणसं, एकाच्या हातात नारळ. पोरगी फोन उचलत नाही म्हणजे गर्दीत असणार, सत्कारात असणार, असं समजून हे लोक रस्त्यावर येऊन थांबले होते.

मागच्या सीटवरून अश्विनीचा आवाज आला. "अगं आई गं."

"इथंच थांबवा," सर म्हणाले.

"सर, गाडीतच बसा. मी बोलतो त्यांच्याशी."

"थांबवा, चव्हाण."

थांबवली. सर उतरले. पन्नासेक पावलांचं अंतर असेल. मातीच्या कडेकडेनं हा उंच माणूस एकटा चालत गेला. आप्पा हसत पुढं आले, हार उचलला, त्यांच्याच गळ्यात घालायला निघाले. सरांनी त्यांचा हात मधेच धरला. काच खाली होती, मला ऐकू येत होतं.

"हार नको. झाली नाही ती आज. तीन महिने लागतील. जागा पण गेली."

आप्पांना कळेना. "नापास झाली?"

"नाही. तिनं बरोबर सांगितलं. चूक माझी होती. जुनी. कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी भर सभेत काढली."

नारळवाला माणूस हळूच मागं सरकला. आप्पा हार तसाच हातात धरून उभे. आयुष्यभर शेळ्या राखलेल्या माणसाला काय कळणार असं म्हणून मी त्यांना कमी लेखत आलो होतो, तेही कबूल करतो. त्यांनी नेमकं तेवढंच विचारलं.

"तुमी गप बसला असता, तर झाली असती?"

"झाली असती."

"आजच?"

"आजच."

"आन जागा?"

"ती पण लागली असती बहुतेक."

आप्पांनी एकदा गाडीकडं बघितलं. अश्विनी दार उघडून बाहेर येऊन उभी राहिली होती, पण पाय उचलत नव्हता. मग त्यांनी सरांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "लई वाईट केलं तुमी, सर."

"व्हय," सर म्हणाले.

आमच्याशी त्यांनी कधी ती बोली वापरली नव्हती. एवढंच बोलले. कारण दिलं नाही, खरंखोटं समजावलं नाही, माफी मागून मोकळेही झाले नाहीत. मला राहवलं नाही, मी उतरून धावत गेलो. म्हटलं, "सर, चला आता. उशीर होतोय."

"तुम्ही जा, चव्हाण. मी येतो एसटीनं."

"अहो पण आता काय राहिलंय इथं?"

सरांनी शर्टाची बटणं नीट केली.

"तिच्या आईला अजून सांगायचंय," ते म्हणाले, आणि आप्पांच्या मागोमाग घराकडं चालू लागले.